शब्दचर्चा : फोटोओळ, वर्णन की ‘पर्यायी मजकूर’?

मंडळी, एका शब्दावर अडलोय. रंकाळ्याजवळ आमची आत्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देते. ऑनलाइन नोंद भरायचं काम माझ्याकडे. तिथे प्रत्येक फोटोखाली दोन चौकटी येतात, ‘कॅप्शन’ आणि ‘ऑल्ट टेक्स्ट’. आत्याने सांगितलेलं ‘प्रशस्त व प्रसन्न प्रवेशद्वार’ मी दोन्हीकडे चिकटवलं. परवा एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना दिसत नाही, मोबाईल वाचून दाखवतो. म्हणाले, “प्रशस्त दोनदा ऐकलं. पायऱ्या किती, तेवढं सांगा.” पायऱ्या तीन, कठडा नाही, वर जुन्या घराचा उंच उंबरा. फोटोत सगळं दिसतं, ओळीत काहीच नाही. आत्या ओशाळली.

या दोन चौकटींना मराठीत काय म्हणावं? आत्याला कळेल असं हवं.

प्रतिसाद १ : पहिलीला शब्द आहेच की, फोटोओळ. वर्तमानपत्रात मी बरीच वर्षं त्या लिहिल्या. मथळा नव्हे, मथळा बातमीला. आम्हाला शिकवलेलं असं, की फोटोत दिसतं ते पुन्हा लिहू नका. कोण, कुठे, कधी ते लिहा. म्हणून तर ‘डावीकडून’ असतं. आता वाटतं, ज्याला फोटोच दिसत नाही त्याला डावं काय नि उजवं काय! दुसऱ्या चौकटीचं काम बरोबर उलटं आहे. जे दिसतं तेच तिथे सांगायचं. दोन्हीकडे एकच मजकूर टाकला की ऐकणाऱ्याला दोनदा ऐकावा लागतो.

प्रतिसाद २ : दुसऱ्या चौकटीला बऱ्याच ठिकाणी ‘पर्यायी मजकूर’ छापलेलं दिसतं. पण भावा, कोल्हापुरात ‘पर्यायी’ म्हटलं की शिवाजी पुलाशेजारचा पूलच आठवतो, कित्येक वर्षं रखडला होता तो! शब्द चुकीचा नाही. ऑल्ट म्हणजे ‘ऑल्टरनेटिव्ह’, पर्यायी. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या १९९५ च्या २.० आवृत्तीतच ते होतं. तेव्हा कित्येक ब्राउझर नुसता मजकूर दाखवायचे, चित्राच्या जागी हे शब्द यायचे. म्हणजे पर्यायच. पण आत्याने कशाला पर्याय लिहायचा, ते या शब्दातून कळत नाही.

प्रतिसाद ३ : मग सरळ ‘चित्रवर्णन’ म्हणा.

धागाकर्ता : तोच शब्द घरी वापरून बघितला. ‘वर्णन लिही’ म्हणताच आत्याने शाळेतला निबंध काढला, ‘निसर्गरम्य रंकाळ्याच्या कुशीत वसलेले…’ वर्णन म्हटलं की मराठी माणसाच्या हातून विशेषणं सांडतात.

प्रतिसाद ४ : आमचं चप्पल लाईनला दुकान आहे, मापाने चप्पल करून देतो. आधी प्रत्येक फोटोला ‘अस्सल कोल्हापुरी’ एवढंच लिहायचो. आठ फोटो, आठ वेळा अस्सल. आता भाचीने असं लिहिलंय : ‘पुरुषांची कापशी चप्पल, तेलकट तपकिरी, दोन्ही बाजूंना रुंद कान, पट्ट्यावर चामड्याची वेणी, गोंडा नाही.’ बघणारी गिऱ्हाइकंसुद्धा आता ‘गोंडा नसलेली द्या’ म्हणून फोन करतात. आम्ही या चौकटीला नाव काही ठेवलं नाही. भाची विचारते, “मामा, यात काय दिसतंय?” मी सांगतो, ती टाईप करते.

प्रतिसाद १ : हे आवडलं. सुरुवातीला ‘हा फोटो…’ मात्र लिहू नका, चित्र आहे हे मोबाईल स्वतःच सांगतो. नुसती वेलबुट्टी असेल तर चौकट रिकामी चालते. आणि दरपत्रकाचा फोटो टाकत असाल तर दर अक्षरात लिहा. ‘दरपत्रक’ एवढंच ऐकून कुणाला काय कळणार?

धागाकर्ता : मग माझ्यापुरतं ठरलं. पहिली ‘फोटोओळ’. दुसरीला नामच नको, प्रश्नच ठेवतो : ‘फोटोत काय दिसतं?’ आत्याला तेवढंच विचारलं. चष्मा वर सारून म्हणाली, “घराचा दरवाजा. तीन दगडी पायऱ्या, कठडा नाही. वर वीतभर उंबरा. उजवीकडं तुळस.” जसंच्या तसं टाकलं. फोटोओळीत लिहिलं, ‘सामान वर न्यायला आम्ही मदत करतो.’

संध्याकाळी तिने गवंड्याला फोन लावला. कठडा बसला की फोटो नवा काढायचा आणि ओळही बदलायची, असं बजावलंय.