उडणाऱ्या पक्ष्याची फोटोत दरवेळी शेपटीच का मिळते? पोटापाण्यासाठी हे करणाऱ्यांनी सांगा

हुकलेली_फ्रेम:
१५०-६०० मिमीची झूम लेन्स वापरतो, तीन वर्षं झाली. बसलेला पक्षी बरा येतो पण उडाला की एकतर शेपूट नाहीतर रिकामं आभाळ. काल बगळ्यासमोर दीड तास बसलो, मागचा फोटो बघायला जरा मान खाली घातली आणि गेला तो. शटर १/१००० सेकंद असतं. ६०० प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, घेऊ का? आणि ज्यांचं घर यावर चालतं ते दिवसभर नेमकं करतात काय, बाहेरून तर नुसती मजा दिसते.

जुना_खंड्या:
लेन्सवर खापर फोडू नका हो. आधी वारा बघा. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतो, म्हणजे वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीमागे असले तर तो तुमच्याच बाजूला निघणार, उलट बसलात की जन्मभर शेपट्या. दुसरं म्हणजे उडायच्या आधी तो सांगतो. बऱ्याचदा आधी शिटतो, मग पुढे झुकतो, पिसं अंगाशी आवळून घेतो, तेव्हाच बोट दाबायचं, पंख उघडल्यावर दाबलं तर उशीर झालाच समजा. बगळ्याला १/१६०० पुरे, खंड्या सूर मारताना हवा असेल तर १/३२०० किंवा वर. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, नॉइज म्हणजे फोटोतले दाणे नंतर साफ होतात, हललेला डोळा होत नाही. आणि मागे गडद झाडी असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या, म्हणजे उजेड निम्मा, नाहीतर पांढऱ्या पिसांचा नुसता चुना होतो.

पहाटपाळी:
मी फुलटाइम करते. उजाडल्यापासून तीनेक तास बाहेर, बाकी दिवस खुर्चीत 😅 परवा २२०० फ्रेम आणल्या, ठेवल्या ११. डोळा शार्प नाही, डिलीट. पक्ष्यांना तिसरी पापणी असते, ती आडवी सरकते आणि नेमकी त्याच फ्रेमला डोळा दुधाळ दिसतो, बाकी पीस न् पीस शार्प असून पक्षी मेलेला वाटतो, तीही डिलीट. मग नावं, कीवर्ड, मेल, आणि पैसे मागणं. एका मासिकाने फोटो छापला, मानधन आठ महिन्यांनी आलं, तेही चार वेळा आठवण केल्यावर. नुसत्या फोटोंवर माझं तरी भागत नाही, वर्कशॉप आणि टूरवर चालतं. टूरमध्ये स्वतःचे फोटो विसरा, लोकांचे ट्रायपॉड नीट करण्यात सकाळ जाते.

पाणकावळा७:
६०० प्राइम भाड्याने आणून बघा एकदा, हात भरून येतात. आणि दुपारी लांबचा पक्षी टिपायला जाऊ नका, तापलेली हवा थरथरते, मग लेन्स कितीही भारी असो फोटो मऊच. लांबचं मोठं दिसावं म्हणून लेन्समागे १.४ चा टेलिकन्व्हर्टर (जोडभिंग) लावला तर एक स्टॉप उजेड जातो तो वेगळा.
जवळून मिळेल म्हणून घरट्याकडे मात्र फिरकू नका. एरिक हॉस्किंग या ब्रिटिश फोटोग्राफरचा डावा डोळा १९३७ मध्ये घुबडाने झडप घालून फोडला. अर्थात बहुतेक वेळा भोगतो तो पक्षीच, आईबाप घाबरून उठतात, अंडी गार पडतात आणि आपल्याला कळतही नाही.

हुकलेली_फ्रेम:
आज वारा पाठीशी घेऊन बसलो. बगळा शिटला, झुकला, मी दाबलं आणि दाबूनच ठेवलं. तो आणखी चार सेकंद तसाच झुकून उभा. उडाला तेव्हा बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) फुल 🤦

जुना_खंड्या:
हाहा. थोडं थोडं दाबा, सलग नको. कॅमेऱ्यात प्री-कॅप्चर आहे का बघा, त्यात बटण अर्धं दाबून ठेवलं की पूर्ण दाबायच्या आधीच्या काही फ्रेमही मिळतात. शेपटी आली की तोंड तरी?

हुकलेली_फ्रेम:
एका फ्रेममध्ये तोंड आहे. तिसरी पापणी मिटलेली.