मदत हवी आहे : गुज्जर पशुपालक पुरुषांचा वेश आणि उपजीविका

नमस्कार. जम्मू-काश्मीरमधील गुज्जर आणि बकरवाल पशुपालकांवर लेख लिहीत असून त्यातील वेशभूषेच्या भागासाठी जाणकारांचे साहाय्य हवे आहे. (खानदेशातील शेतकरी गुजर समाजाविषयी ही विचारणा नाही.) गुज्जर प्रामुख्याने म्हशी पाळून दूध-तूप विकतात, तर बकरवाल शेळ्यामेंढ्यांचे कळप घेऊन उन्हाळ्याच्या तोंडावर पीर पंजाल पर्वतरांग ओलांडून उंचावरील कुरणांत जातात आणि थंडीपूर्वी जम्मूच्या सखल भागात उतरतात. सैल सलवार-कमीज, त्यावर जाकीट, डोक्याला पागोटे, खांद्यावर लोकरीची चादर आणि पुष्कळदा मेंदीने रंगवलेली दाढी, असा तेथील वयस्क पुरुषांचा वेश असतो. उत्तराखंडातील वनगुज्जर मात्र सलवारीऐवजी लुंगी नेसतात व भरतकामाची टोपी घालतात.

माझी अडचण अशी की, पागोटे बांधण्याच्या पद्धतीवरून गुज्जर आणि बकरवाल वेगळे ओळखता येतात का, आणि दोघांना 1991 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाल्यानंतर शिकून नोकरीला लागलेले तरुण हा वेश कोणत्या प्रसंगी घालतात? राजौरी-पूंछ भागात राहिलेल्या कोणी प्रत्यक्ष पाहिलेले सांगितल्यास आभारी राहीन; छायाचित्रांवरून केलेला तर्क मला पुरेसा वाटत नाही.