बँकेचं मायग्रेशन गळ्याशी आलंय, पीएम म्हणून आता काय करू?

चहाबाज_पुणे (१६ फेब्रुवारी)

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

मी एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. एका नागरी सहकारी बँकेचं जुनं सॉफ्टवेअर काढून आमचं बसवायचंय. १४ शाखा, १ एप्रिलला गो-लाइव्ह, म्हणजे नवीन प्रत्यक्ष वापरात. डिसेंबर अखेरपासून मी दर शुक्रवारी स्टेटसमध्ये "८५ टक्के पूर्ण" लिहितोय. सात आठवडे झाले, आकडा तोच. मुद्दाम खोटं लिहिलं असं नाही, टीमलीड सांगतात ते पुढे सरकवत गेलो.

परवा ट्रायल मायग्रेशन केलं, तर तीन शाखांची तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाकींचा ताळा) जुळेना. एका शाखेत फरक फक्त ४ रुपये ३० पैसे. हसू नका, लाखाचा फरक लगेच सापडतो, चार रुपयांचा सापडता सापडत नाही. खातेदारांची नावं युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहेत, ती कन्व्हर्ट केल्यावर 'कृष्णा'चं जे होतंय ते इथे लिहिण्यासारखं नाही. पिग्मीचं (एजंट रोज फिरून गोळा करतात त्या ठेवीचं) मॉड्यूल अर्ध्यावर.

टीम ११ जणांची, शनिवार-रविवारही ऑफिसातच. दोघांनी पेपर टाकलेत, म्हणजे राजीनामे दिलेत. साहेब म्हणतात, सहा माणसं देतो, पण तारीख हलणार नाही. बँकेला अजून यातलं काहीच माहीत नाही. ज्यांनी असं काही निस्तरलंय त्यांनी कृपया सांगा, सुरुवात कुठून करू?

कट्टेकरी

बायोडेटा अपडेट करण्यापासून. (गंमत करतोय. अर्धीच.)

खडूस_म्हातारा

८५ टक्के, ते कशाचे? कोड लिहून झाला की टीमलीडच्या मनात ते काम संपलेलं असतं. बँकेच्या माणसाने बघितलेलं नसतं.

उद्या सकाळी नवीन काम बंद कर. दोन दिवस. हो, सहाच आठवडे उरलेत तरी. प्रत्येक स्क्रीन, प्रत्येक रिपोर्ट, प्रत्येक प्रकारचा डेटा एका यादीत लिहा. बँकेच्या माणसाने तपासून "ठीक" म्हटलं असेल तरच टिक. "जवळजवळ झालंय"ला शून्य मार्क. मग मागच्या चार आठवड्यांत आठवड्याला किती टिका पडल्या ते बघ आणि उरलेल्यांना भाग. सातवीतलं त्रैराशिक आहे, याला एमबीए लागत नाही. जी तारीख येईल ती त्याच दिवशी साहेबांना लेखी दे. सोबत दोन-तीन पर्याय दे. "प्रयत्न करतो" हे शब्द कुठेही नकोत.

हे मी अक्कल गहाण टाकून शिकलोय. २००९ मध्ये एका साखर कारखान्याचं वजनकाट्यापासून ऊसबिलापर्यंतचं काम माझ्याकडे होतं. सप्टेंबरातच कळलं होतं की होत नाही. बोललो नाही, म्हटलं दिवाळीत ओढून काढू. गळीत हंगाम सुरू झाला त्या दिवशी काट्यावर बैलगाड्यांची रांग लागली, प्रिंटर गप्प, आणि शेतकी खात्याचा एक क्लार्क शाळेच्या वहीची पानं फाडून त्यावर वजनं लिहून देत होता. चेअरमन ओरडतील म्हणून मी खोलीत लपल्यासारखा बसलो होतो. ते आले आणि एवढंच म्हणाले, "महिनाभर आधी सांगितलं असतंस तर पावतीपुस्तकं छापून ठेवली असती."

अजून काट्यासमोरून जाताना ते वाक्य ऐकू येतं.

दोन_अधिक_दोन

काकांना +१.

सहा माणसांचं मात्र जपून. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. हिशोब करून बघा. ११ जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या ५५, १७ जणांत १३६. शिवाय नव्या माणसाला पिग्मी म्हणजे काय हे समजावणार कोण? ज्याच्याकडे आधीच वेळ नाही तोच. घ्यायचीच असतील तर एक-दोन घ्या, तीही कडेला पडलेल्या सुट्या कामासाठी. फाँटचं काम तसं आहे, तेरीज जुळवणंही.

लेजर_ताई

मी तुमच्या क्लायंटच्या बाजूची. दुसऱ्या एका सहकारी बँकेत २२ वर्षं आहे, दोन मायग्रेशनं अंगावर घेतलीत.

तारीख चुकली म्हणून आम्ही फारसं रागावत नाही, आम्हाला सवय आहे. ३० मार्चला कळतं तेव्हा डोकं फिरतं. मार्च अखेरीला आमच्याकडे काय चालतं ते एकदा शाखेत येऊन बघा. व्याजाच्या नोंदी, ऑडिटरच्या याद्या, रात्री अकराला वडापाव. १ एप्रिलला ग्राहकांसाठी बँक बंद असते म्हणून ती तारीख कागदावर छान दिसते. पण आदल्या रात्री जागलेली माणसं तुमची नवीन स्क्रीन शिकणार कशी?

तुम्ही स्वतः जा, साहेबांना बरोबर घेऊन जा, मेल पाठवून मोकळे होऊ नका. जुन्या सॉफ्टवेअरचा करार वाढवायला लागेल, ते आम्हाला आजच कळलं तर जमतं. मग सगळ्यात लहान शाखा घ्या, महिनाभर जुनं-नवं दोन्ही चालवा. बाकी शाखा ३० जूनच्या तिमाही अखेरीनंतर. बचत खात्यांचं व्याज तिमाहीला पडतंच, तो सांधा सोयीचा असतो. आणि पिग्मी मागे ठेवा. एजंट आणखी तीन महिने जुन्या मशीनवर गोळा करतील, कोणी मरत नाही.

स्पष्टवक्ता

वेगळं मत. प्रोजेक्ट बंद करायचा हाही पर्याय टेबलावर ठेवा. एफबीआयने २००५ मध्ये केस फाइलचं सॉफ्टवेअर सुमारे १७ कोटी डॉलर घालवल्यावर गुंडाळलं. घातलेले पैसे परत येत नाहीतच, मग त्यात आणखी कशाला घाला?

खडूस_म्हातारा

पर्याय बरोबर, पण तो टिका मोजल्यावर. आज काही कळायच्या आत बंद करणं आणि काही कळायच्या आत रेटणं, दोन्ही सारखंच आंधळं.

परदेशी_पाटील

अमेरिकेचं हेल्थकेअर डॉट गव्ह आठवा, आरोग्य विम्याच्या नोंदणीची सरकारी साइट. १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालं, पहिल्या दिवशी नोंदणी झाली सहा जणांची. नंतर दुरुस्तीला जी टीम बसली तिच्या रोज दोन बैठका व्हायच्या. नियम साधे होते. या खोलीत अडचण सोडवायची, दोष कोणाचा ते बाहेर ठरवा. आणि बोलायचं त्याने ज्याला त्यातलं सगळ्यात जास्त कळतं, मग हुद्दा काही का असेना. नोव्हेंबर अखेरीस साइट बहुतेकांसाठी चालू झाली. तुमच्या चार रुपये तीस पैशांबद्दल सगळ्यात जास्त कोणाला कळतं? तो माणूस तुमच्या बैठकीत आहे का?

चहाबाज_पुणे (२७ फेब्रुवारी)

सगळ्यांचे आभार. थोडक्यात हालहवाल.

यादी केली. २१२ गोष्टी, टिका ९७. म्हणजे ४६ टक्के. वेग आठवड्याला नऊ. उरलेल्या ११५ ला १३ आठवडे, म्हणजे मे अखेर. साहेब कागदाकडे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आधी का नाही बोललास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोघं मिळून बँकेत गेलो. सीईओंनी चहा मागवला, ऐकून घेतलं, चहा गार झाला. शेवटी ताई म्हणाल्या जवळपास तसंच ठरलं. मार्च जुन्यावरच, जूनमध्ये एका लहान शाखेत दोन्ही एकत्र, बाकीच्या जुलैपासून, पिग्मी नंतर. दंडाचं कलम आहेच, ते वरचे लोक बघतायत. सहापैकी दोनच माणसं घेतली. रविवार बंद केला. पेपर टाकलेल्यांपैकी एक जण थांबतोय, दुसऱ्याने ऑफर स्वीकारली होती.

पाटील, तुमच्या प्रश्नावरून चार रुपयांचा फरक होता त्या शाखेतल्या हेडक्लार्कांना बैठकीत बसवलं. वर्षभरात निवृत्त होतायत. त्यांनी चष्मा वर केला, यादीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आरडीचं व्याज तुम्ही पूर्ण रुपयात करता का?" करत होतो. जुनं सॉफ्टवेअर पैसे तसेच ठेवायचं. अर्ध्या तासात ४ रुपये ३० पैसे जागेवर.

'कृष्णा' मात्र अजून तसाच आहे. जुन्या फाँटचा चांगला कन्व्हर्टर कोणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.