फोटोतले राजाराम महाराज नेमके कोणते?

शुक्रवारपेठकर: आजीच्या ट्रंकेत जाड पुठ्ठ्यावरचा फोटो सापडला. मागं शाईनं फक्त ‘राजाराम महाराज’. फेटा, झुपकेदार मिशा, वय चाळिशीचं. कोल्हापूरच्या इतिहासात हे नाव तीनदा येतं. आजी असती तर लगेच सांगितलं असतं तिनं.

रंकाळाकाठ: ताराराणींचे पती राजाराम १७०० साली सिंहगडावर वारले, तेव्हा कॅमेराच नव्हता. दुसरे १८७० मध्ये इंग्लंडहून परतताना इटलीत फ्लोरेन्सला वारले, जेमतेम विशीत. म्हणजे चाळिशीचे तुमचे महाराज तिसरे, शाहू महाराजांचे चिरंजीव. राज्यकाळ १९२२ ते १९४०.

पंचगंगा_घाट: दुसऱ्यांबद्दल दोन ओळीत आटपू नका हो! अर्नो नदीकाठी त्यांचं दहन झालं. तिथं छत्रीखाली रंगीत अर्धपुतळा आहे, १८७४ चा. जवळच्या पुलालाही तिथले लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. पोरगं परक्या नदीकाठी राहिलं, हे वाचलं की माझा जीव कासावीस होतो.

शुक्रवारपेठकर: तिसरेच असणार. पुठ्ठ्याच्या मागं आता पेन्सिलीनं १८९७-१९४० लिहिलंय. फ्लोरेन्सच्या पुतळ्याचं चित्रही छापून शेजारी ठेवतो.