घडी, वळी, ओढ, झोळ

मानवाकृतीचं रेखाटन बारकाईनं बघताना कपड्यांवरच्या रेषांना काय म्हणायचं? सरसकट सगळे ‘घड्या’ म्हणतात, ते मला खटकतं. घडी आपण घालतो. निरीही हातानंच घालतो. सुरकुती आपोआप पडते, पण ती कपडा आधी कसा चुरगळला होता तेवढंच सांगते. माणूस आत्ता कसा उभा आहे, हे यांतल्या कशातूनच कळत नाही.

माझ्यासमोरच्या चित्रात एक पाठमोरा माणूस आहे. भार उजव्या पायावर, डावा गुडघा सैल. त्यामुळे उजव्या बाजूची कंबर वर आलीय आणि उजवा खांदा उतरलाय. त्या कुशीत सदरा दाबला जाऊन आडव्या रेषा दाटल्यात. त्यांना मी ‘वळ्या’ म्हणेन, तान्ह्या बाळाच्या मांडीवर पडतात तशा. शब्द संस्कृत ‘वली’वरून आलेला, पोटावरच्या ‘त्रिवली’तला. डाव्या कुशीत याच्या उलट: खांद्यापासून कमरेपर्यंत लांब, तिरप्या, विरळ रेषा. ही ‘ओढ’. आणि दोन्ही कोपरांवर टाकलेली शाल मधे कमरेखाली लोंबतेय, तो ‘झोळ’. शिवणकाम करणारे ‘पाठीत झोळ येतोय’ म्हणतात, तोच.

— ‘चुण्या’ का नको? सगळ्यांना चालेल की.

— चुणीचं एक टोक कुठेतरी बांधलेलं लागतं. नाडी आवळल्यावर तिच्यापासून खाली फाकतात त्या चुण्या. कुशीतल्या रेषांना असं टोक नाही, म्हणून तिथे तो शब्द मी वापरणार नाही.

— आणि ‘पोझ’ला?

— ‘ढब’ म्हटलं की माणसाची सवय आली. भार कुठे आहे हे सांगायचं तर ‘ठाण’ नेमका. तो ‘स्थान’वरून आलाय, धनुर्धराच्या उभं राहण्यालाही ठाणच म्हणतात. मूर्तिशास्त्रात याचे भेदही आहेत: दोन्ही पायांवर सारखा भार तो समभंग, किंचित बाक तो आभंग, तीन ठिकाणी बाक तो त्रिभंग. आपला पाठमोरा माणूस आभंगात मोडेल.

— गुडघ्यामागच्या लवणीत बघितलंत का? उजव्या लवणीत कापड सपाट, डावीत तीन वळ्या.

— हो, आणि डाव्या पावलावर विजारीचं कापड साचलंय, त्याला ‘घोळ’च म्हणावं. उजव्या पावलावर तो अगदी थोडा आहे, कारण त्या बाजूची कंबर वर गेल्यानं कापडही वर ओढलं गेलंय.