टेबल टेनिसमध्ये टायमिंग सुधारायला मल्टिबॉल खरंच कामाचा आहे का?

डावखुरा_ठाणे
आमच्या क्लबातली दहा-बारा वर्षांची मुलं मल्टिबॉलला, म्हणजे सर टोपलीतून एकामागून एक देतात त्या चेंडूंवर, फोरहँड टॉपस्पिन (वरच्या फिरकीचा फटका) हाणत असतात. बघायला झकास! सामन्यात मात्र कोणी लांब, जड (खूप खालच्या फिरकीचा) पुश दिला की तोच फोरहँड नेटमध्ये. सरांच्या हातून चेंडू एका लयीत, एका जागी येतो आणि मुलांना त्या लयीची सवय लागते. माझं मत, निम्मा सराव सर्व्हिसपासून खेळून व्हावा.

पुश_करिणी
अजिबात नाही. हातात स्ट्रोकच बसलेला नसताना सर्व्हिसपासून खेळवलं तर दोन चेंडूंत रॅली खलास, उरलेला वेळ चेंडू वेचण्यात. चिनी खेळाडू काय उगाच मल्टिबॉल करतात?
नेटमध्ये जातो त्याचं कारण वेगळं आहे. पुशवर आलेला चेंडू खालच्या फिरकीचा असतो, मुलं तो ब्लॉकवर (नुसती बॅट धरून परतवल्यावर) आलेल्या चेंडूसारखा पुढे रेटतात. गुडघे वाकवा, बॅट जरा उघडी (तोंड वर) ठेवा, चेंडू पूर्ण वर येऊ द्या आणि वरच्या दिशेने घासा. ब्लॉकवर आलेला असेल तर बॅट झाकून (तोंड खाली), पुढच्या दिशेने. हा फरक शेकडो वेळा केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

डावखुरा_ठाणे
हे सगळं आमच्या मुलांना तोंडपाठ आहे हो! पण आलेला पुश जड की रिकामा (बिनफिरकीचा), हे समोरच्याच्या मनगटावरून ओळखायचं असतं. टोपलीवाले सर कधी फसवतात का?

जुना_३८_मिमी
दोघेही पहिल्याच फटक्यावर अडलात. 2000 साली चेंडू 38 चा 40 मिमी झाला, 2014 पासून प्लॅस्टिकचा आला. फिरकी कमी झाली, चेंडू परत येतोच. मुलं हात पार कमरेमागे नेऊन पहिला टॉपस्पिन मारतात आणि दुसऱ्याला उशिरा पोचतात. बॅकस्विंग छोटा करा, निम्मं टायमिंग तिथेच सुधारेल.

लाँगपिंपल्स
डावखुऱ्यांना अनुमोदन. आपल्या मनिका बत्राने 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सिंगापूरच्या फेंग तिआनवेईला सांघिक अंतिम लढतीतही हरवलं आणि एकेरीतही. मनिकाच्या बॅकहँडला लाँग पिंपल्स, म्हणजे लांब दाण्यांचं रबर. तुमचाच टॉपस्पिन त्यावरून खालची फिरकी होऊन, मंद परत येतो. साध्या रबरावरून आलेल्या चेंडूंवर तयार झालेला माणूस तिथे आधीच हात फिरवून बसतो.

पुश_करिणी
मग सरांनी मिसळून द्यावेत ना चेंडू! दोन जड, एक रिकामा, मध्येच एक वेगात पोटावर. दोष टोपलीचा कसा?

डावखुरा_ठाणे
चार टेबलं, सोळा मुलं, सर एक. मल्टिबॉलवर एक जण खेळतो आणि बाकीचे काय करतात सांगू? चेंडू वेचतात.