एपीएल या ब्लड कॅन्सरमध्ये पीएमएल जीन तुटतो म्हणजे काय?

सांगलीकर: भाच्याला एपीएल निघालाय, रिपोर्टमध्ये पीएमएल-रारा पॉझिटिव्ह आहे. डॉक्टर म्हणाले वाढ रोखणारा जीन तुटलाय. हे घराण्यातून आलंय का? ताई सारखी स्वतःला दोष देतेय.

लॅबवाली: नाही हो, आनुवंशिक नाही, ताईंना आधी हे सांगा. रक्त तयार करणाऱ्या एखाद्या पेशीत 15 आणि 17 नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होतात. पीएमएलचं काम पेशीची वाढ आवरायचं, तोच मधे तुटून रारा जीनला चिकटतो, मग पांढऱ्या पेशी अर्धवट अवस्थेतच अडकतात आणि वाढतच राहतात.

मंदार_पुणे: पण औषधं नेमकी या जोडलेल्या जीनपासून बनणाऱ्या प्रोटीनवरच चालतात, एट्रा (व्हिटॅमिन ए च्या जातीचं औषध) रारावर आणि आर्सेनिक थेट पीएमएलच्या भागावर. 1980च्या दशकात शांघायला एट्रानं पेशंट बरे व्हायला लागले. वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलात तर नुसत्या आर्सेनिकवर चांगले रिझल्ट आलेत. सुरुवातीचे दिवस मात्र फार जपा, रक्तस्रावाचा धोका असतो, डोकं दुखलं तरी रात्री-बेरात्री नर्सला उठवा.

सांगलीकर: काल हिरड्यांतून रक्त आलं, प्लेटलेट चढवल्यात. एट्रा रिपोर्ट यायच्या आधीच सुरू केलंय, चालतं ना?

लॅबवाली: अगदी बरोबर केलं, यात नुसता संशय आला तरी लगेच सुरू करतात.